टायटस हॅगरची सुट्टी

तर टायटस हॅगर नावाचा एक माणूस बूट शिवायचा. इंग्लंडमधल्या कुठल्याशा बारक्या गावात, १८६० च्या आसपास. आणि त्याला डायरी लिहायची सवय होती, आणि डायरीत तो लिहायचा काय, तर आज किती जोड झाले आणि आज घरात काय वाचलं. बास. बायको तापाने फणफणली तरी तिला अर्धी ओळ, पण वाचलं काय ते मात्र नेमाने. ‘एक जोड पूर्ण. फीबीने दोन प्रकरणं वाचली.’ फीबी ही त्याची मुलगी. याचे हात कायम चामड्यात, मग वाचायचं कुणी? तर फीबीने. आणि घरातले, शेजारचे, दुकानात आलेलं गिऱ्हाईक, सगळे बसून ऐकणार.

ही डायरी दोह्यात, अल हिलालच्या एका फ्लॅटमध्ये, जोस्लीनच्या लॅपटॉपवर कशी आली ते सांगायला हवं. जोस्लीन सत्तावीस वर्षांची. मूळ वसईची, पण चार वर्षांची असल्यापासून दोह्यात. एका प्रायव्हेट क्लिनिकमध्ये ती कोडिंग करते, म्हणजे डॉक्टर लोक काय काय खरडतात ते वाचून प्रत्येक आजाराला त्याचा नंबर द्यायचा. दिवसभर दुसऱ्यांची पित्ताशयं आणि मणके. तर दोन वर्षांपूर्वी तिला ऑनलाइन एक प्रोजेक्ट दिसला. इंग्लंडमधल्या एका युनिव्हर्सिटीला शोधायचं होतं की दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी तिथली साधी माणसं, मोलकरणी, गाडीवान, चांभार, वाचायची काय, कधी वाचायची, मोठ्याने की मनात, पुस्तक स्वतःचं की मागून आणलेलं. त्यासाठी जुन्या डायऱ्या नि पत्रं वाचून फॉर्म भरणारे व्हॉलंटियर हवे होते. जोस्लीनने नाव दिलं. तिच्या वाट्याला आला टायटस हॅगर. अकराशे सेहेचाळीस नोंदी.

आणि ती अशी सुटली ना! वाचायची, कॉलम भरायची, वाचायची, कॉलम भरायची. तिला सगळं पाठ झालं. हॅगरकडे एका पेनीचं साप्ताहिक यायचं, त्यात गोष्टीचा एक तुकडा असायचा, पुढचा तुकडा पुढच्या आठवड्यात. अंक याच्याकडून लोहाराकडे, लोहाराकडून विधवा शेजारणीकडे, तिच्याकडून शाळामास्तरकडे जायचा आणि परत यायचा तो मेणाचे डाग घेऊन. वर्षाचे अंक जमले की हॅगर बुटाच्याच दोऱ्याने त्यांची टाके घालून चोपडी करायचा. वर सोलचं चामडं.

एवढ्यावर काही फार झालं नसतं. पण फॉर्ममध्ये एक कॉलम होता: कामाचा दिवस की सुट्टीचा. हॅगर वार लिहायचा नाही, नुसती तारीख. मग जोस्लीनने काय केलं, क्लिनिकच्या ड्युटीसाठी तिने स्वतःच एक शीट बनवलेलं होतं. त्यात तारीख टाकली की समोर आपोआप ‘ऑफ’ नाहीतर ‘ड्युटी’ येतं. तिने त्याच शीटमध्ये हॅगरच्या अकराशे तारखा ओतल्या. एका मिनिटात खलास.

आणि निकाल आला तो भन्नाट. गोष्टींचं जितकं वाचन होतं, त्यातलं शंभरातलं एक्क्याऐंशी सुट्टीच्या दिवशी! आणि बायबल, प्रवचनं, ती सगळी कामाच्या दिवशी! आता या विषयातला कुणीही सांगेल की तिकडे त्या काळी असल्या घरांमधे सुट्टीच्या दिवशी, म्हणजे रविवारी, गोष्टीचं पुस्तक कपाटात बंद. त्या दिवशी देवाचंच वाचायचं. आणि हा चांभार बघा, सगळं उलटं! बंडखोरच की. जोस्लीनने लिहून पाठवलं. प्रोजेक्टच्या प्रमुख हेलन बाईंचं तासाभरात उत्तर आलं, त्यात तीन उद्गारचिन्हं होती.

मग पुढचं. युनिव्हर्सिटी दरवर्षी एका व्हॉलंटियरला वर्षभरासाठी तिकडे बोलावते, राहायला, शिकायला, खऱ्याखुऱ्या डायऱ्या हातात घेऊन बघायला. यंदा शेवटच्या तिघांत जोस्लीन. सोमवारी संध्याकाळी पाच वाजता, दोह्याचे पाच, ऑनलाइन प्रेझेंटेशन, आणि हेलन बाईंनी आडून आडून सुचवलं होतं की हॅगरसारखं बाकी दोघांकडे काही नाही. जोस्लीनने बॅगांच्या किमतीसुद्धा बघून ठेवल्या. तिच्या वहिनीने, ग्लोरियाने, शुक्रवारी मिसा झाल्यावर चर्चच्या पायऱ्यांवरच मराठी ग्रुपमधल्या सात बायकांना सांगून टाकलं की आमची जोस इंग्लंडला चालली. जोस्लीन म्हणाली, “अजून नक्की नाही, वहिनी.” तर म्हणते, “इन्शाल्ला म्हण आणि गप्प बस.”

आता संपत. संपत क्लिनिकची स्टाफ व्हॅन चालवतो. जामखेडकडचा, वय पस्तीस, बायको मोनाली आणि दोन पोरं गावाला. पहिला स्टॉप अल हिलालचा, म्हणून जोस्लीन पुढच्या सीटवर, आणि मग अल थुमामाच्या नर्सेस चढेपर्यंत वीस मिनिटं व्हॅनमध्ये दोघंच. एकदा तिने सहज हॅगरचं सांगितलं आणि संपतला चटकच लागली. रोज दार सरकलं की पहिला प्रश्न, “ताई, चांभाराचं काय?” मग तिने त्या दिवशीची नोंद मराठीतून सांगायची. जशीच्या तशी, बुटांसकट, कारण संपत विचारायचाच, “जोड किती झालं?” फॉर्ममध्ये बुटांना कॉलम नव्हता, पण संपतला बुटांशिवाय चालत नव्हतं.

आणि संपत ते तिथेच ठेवायचा नाही. संध्याकाळी कामगारांच्या कॅम्पवरच्या खोलीत सहा जणांना सांगायचा. त्यातला एक शिवराज, हमद पोर्टवर ट्रेलर चालवतो, तो तर खाट ओढून ऐकायला बसायचा. एकदा नोंद होती, ‘दीड जोड. फीबीने कॅप्टनचा मृत्यू वाचला. सगळे गप्प.’ दुसऱ्या दिवशी संपत म्हणाला, “ताई, कोन कॅप्टन?”

“माहीत नाही. डायरीत एवढंच आहे.”

“आसं कसं? मारला का मेला?”

“अहो संपतभाऊ, ती गोष्ट कुठली तेच कुणाला सापडलेलं नाही.”

“मंग शिवराज म्हन्तो तेच खरं. भावानंच मारला. जमिनीपायी.”

खोलीत म्हणे त्यावर आठवडाभर वाद चालला होता.

तर आता तो रविवार. प्रेझेंटेशनच्या आदल्या दिवसाचा. दोह्यात आठवडा रविवारी सुरू होतो हे वेगळं सांगायला नको, सकाळी सव्वासहाला व्हॅन आली, जोस्लीन चढली, हातात कॉफी, मांडीवर लॅपटॉप. संपत मात्र चांभाराचं विचारेना. सिग्नल आला, सुटला, तरी नाही.

“काय झालं? तब्येत बरी नाही?”

“बरी हाय. ताई, एक बोलू का? राग न्हाई ना येनार?”

“बोला की.”

“काल न्हाई, परवा शुक्रवारी आमची सुट्टी. कपडे धुवून झाले, डाळ शिजत व्हती, आन आमी बसलो तुमच्या चांभारावर. तर शिवराज म्हन्ला, ह्यो मानूस येडा हाय का?”

“का?”

“तुमी म्हन्ता, सुट्टीच्या दिवशी ह्यो गोष्टी वाचतो. वाचू दे. पन गोष्टी वाचल्या त्या दिवशी दर टायमाला काय आस्तं? एक जोड. दीड जोड. मंग सुट्टीच्या दिवशी ह्यो बूट का शिवतो? आन देवाचं वाचतो त्या दिवशी एक पन जोड न्हाई. येक पन न्हाई, ताई. शिवराजनं बोटावर मोजलं, तुमी सांगितलेलं समदं त्याच्या ध्यानात हाय. म्हंजी कामाच्या दिवशी ह्यो नुसता देवाचं वाचत बसतो, आन सुट्टीच्या दिवशी राबतो. आसा कोन मानूस आस्तो? आमाला हप्त्यात येक दिस गावतो, त्या दिवशी कोनी सुई तरी हातात धरतो का?”

जोस्लीन हसली. म्हणजे हसायला गेली. म्हणाली, तो बंडखोर होता, वेगळा होता, तेच तर माझं म्हणणं आहे.

“बंडखोर आसल,” संपत म्हणाला, “पन प्वाट त्याला बी आसल की.”

मग व्हॅन अल थुमामाला पोचली, नर्सेस चढल्या, एसीवरून नेहमीची भांडणं सुरू झाली, आणि जोस्लीनने मांडीवर लॅपटॉप उघडला. काय वाटलं कुणास ठाऊक, तिने एक तारीख उचलली. १३ जानेवारी १८६०. शीट म्हणतं ऑफ. फोनवर त्या तारखेचा वार काढला. शुक्रवार.

दुसरी काढली. ९ मार्च १८६०, ऑफ. शुक्रवार.

२ नोव्हेंबर, ऑफ. शुक्रवार.

मग बायबलची एक. ४ नोव्हेंबर. शीट म्हणतं ड्युटी. रविवार.

झालं होतं ते इतकं साधं होतं की तिला पहिल्यांदा लाजसुद्धा वाटली नाही. शीट दोह्याच्या क्लिनिकचं. क्लिनिकची सुट्टी शुक्रवारी. तिने टायटस हॅगरला त्याच्या देशात, त्याच्या काळात, शुक्रवारची सुट्टी देऊन टाकली होती. आणि दोन वर्षांत तिला शंका आली नाही, कारण लहानपणापासून तिच्यासाठी सुट्टी म्हणजे शुक्रवार, मिसा म्हणजे शुक्रवारची, चांगले कपडे, बिर्याणी, झोप, सगळं शुक्रवारी. पाठवलेल्या मजकुरात ती इंग्लिशमधे ‘संडे’ लिहीत होती आणि शीट शुक्रवार मोजत होतं, आणि हेलन बाईंना तिकडे दिसत होतं ते फक्त ‘सुट्टी: एक्क्याऐंशी टक्के’.

मग गोष्टी शुक्रवारीच का? तेही डायरीत होतंच. सामानाची गाडी गावात आल्याच्या तारखा बघितल्या तर सगळे शुक्रवार, आणि तीच साप्ताहिक आणायची. अंक आला की संध्याकाळी वाचला. त्यात बंड कसलं?

जेवणाच्या सुट्टीत क्लिनिकच्या पॅन्ट्रीमध्ये बसून तिने सगळे रविवार वेगळे काढले. वाटलं होतं, निदान दहाबारा तरी सापडतील. एखाद्या तरी रविवारी फीबीने गोष्ट वाचली असेल. एकही नाही. एक. पण. नाही. रविवारी बायबल, रविवारी प्रवचन, रविवारी संतांची चरित्रं. टायटस हॅगर हा जगातल्या सगळ्या पुस्तकांत लिहिलाय तसाच माणूस होता.

घरी आल्यावर तिने ग्लोरियाला सांगितलं. ग्लोरिया भेंडी चिरत होती. तिने सगळं नीट ऐकून घेतलं, मध्ये दोनदा “थांब, परत सांग” म्हणाली, आणि मग विचारलं, “हे कुणाला माहितीय?”

“मला. संपतभाऊंना. त्यांच्या खोलीतल्या सहा जणांना.”

“ते सहा जण येणारेत का उद्या तुझ्या मीटिंगला?”

“वहिनी.”

“नाही, मी विचारते. त्या हेलनने दोन वर्षांत तपासलं नाही, आता तपासणार आहे? तू जा तिकडे, वर्षभर राहा, आणि मग हळूच सांग की बाबा, अशी अशी चूक सापडली. तिकडे बसून सापडली म्हण. शाबासकी देतील उलट.”

“आणि तोवर?”

“तोवर तो चांभार कुठे उठून येणारे? मेलाय ना तो?” ग्लोरियाने भेंडीची देठं गोळा केली. “मी सात जणींना सांगितलंय, जोस. सात.”

“तुला कुणी सांगितलं होतं सांगायला?”

“आता माझ्यावरच घसर!”

तेवढ्यात जॉन्सन आला, ग्लोरियाचा मुलगा, आठ वर्षांचा, त्याला मराठी सगळं कळतं आणि बोलतो मात्र इंग्लिश. त्याने विचारलं, “आंटी इज नॉट गोइंग?” ग्लोरिया म्हणाली, “तू होमवर्क कर.” तो गेला.

जोस्लीनने रात्रीचं जेवण झाल्यावर प्रेझेंटेशन उघडलं. अठरा स्लाइड्स. ती तिसरी स्लाइड बघत बसली, तिच्यावर मोठ्या अक्षरात एक्क्याऐंशी लिहिलेलं. न सांगता गेली तर काय होईल ते तिला स्पष्ट दिसत होतं, ते चांगलंच दिसत होतं: बॅगा, थंडी, हातात खरी डायरी. सांगितलं तर काय होईल तेही स्पष्टच होतं. क्लिनिकमध्ये तिने एकदा एका पेशंटच्या डाव्या गुडघ्याला उजव्याचा कोड दिला होता आणि स्वतःच जाऊन सुपरवायझरला सांगितलं होतं, आणि तेव्हा त्यात विचार करण्यासारखं काही वाटलं नव्हतं. या वेळी मात्र तिने दोन तास विचार केला. मग तिसरी स्लाइड डिलीट केली. मग चौथी ते अकरावी. उरल्या नऊ तोकड्या स्लाइड्स, त्यांत काय घालायचं हाच प्रश्न. मग तिने डायरी पहिल्यापासून काढली आणि जिथे जिथे जोड लिहिलेत ते आकडे नवीन कॉलममध्ये भरायला घेतले.

सोमवारी पाच वाजता स्क्रीनवर चार चेहरे. हेलन बाई मधे. जोस्लीनने नमस्कार-चमत्कार झाल्यावर पहिलंच वाक्य टाकलं: मी तुम्हाला पाठवलेला निष्कर्ष चुकीचा आहे. आणि का ते सांगितलं, शुक्रवार आणि शीट आणि सगळं. एक जण हसायला लागला आणि थांबला. हेलन बाईंनी चष्मा काढला.

“हे तुम्हाला कधी कळलं?”

“काल सकाळी.”

“कसं?”

जोस्लीनने सांगितलं की आमच्या व्हॅनचे ड्रायव्हर आणि त्यांचे रूममेट डायरी ऐकत असतात, आणि त्यांना प्रश्न पडला की हा माणूस सुट्टीच्या दिवशी बूट का शिवतो. मग तिने बुटांचा कॉलम दाखवला. रविवारी शून्य जोड आणि देवाचं वाचन. गोष्टीच्या संध्याकाळी सरासरी जोड जास्त, साध्या कामाच्या दिवसापेक्षाही थोडे जास्त. म्हणजे गोष्ट ही याच्यासाठी सुट्टीतली चैन नव्हतीच, ती कामाच्या वेळची सोबत होती. हात चालू, कान उघडे. ती म्हणाली, आपल्या फॉर्ममध्ये वाचताना डोळे काय करत होते ते विचारलंय, हात काय करत होते ते विचारलेलंच नाही.

“एकाच माणसाच्या डायरीवरून?” दुसऱ्या एका बाईंनी विचारलं.

“हो. एकाच.”

“आणि हे तुम्ही एका रात्रीत मोजलंय.”

“हो.”

“मग यातही चूक असू शकते.”

“असू शकते,” जोस्लीन म्हणाली.

बुधवारी मेल आला. निवड दुसऱ्याची झाली, पत्रं वाचणाऱ्या एका माणसाची. मेल सभ्य होता. खाली हेलन बाईंनी स्वतः दोन ओळी घातल्या होत्या: अकराशे सेहेचाळीस नोंदी दुरुस्त करून महिन्याभरात पाठवाव्यात, आणि बुटांची गोष्ट प्रोजेक्टच्या अहवालात टीप म्हणून घ्यायची आहे, तर ती ज्यांनी दाखवली त्यांची नावं, व्यवसाय आणि शिक्षण कळवावं.

ग्लोरियाने मेल वाचला आणि म्हणाली, “टीप.” सात जणींना तिने काय सांगितलं ते जोस्लीनने विचारलं नाही.

गुरुवारी सकाळी व्हॅनमध्ये बसल्या बसल्या तिने फोनवर नावं कळवायचा फॉर्म उघडला.

“ताई, मंग जानार न्हाई तुमी?”

“नाही.”

“आमच्यामुळं.”

“माझ्या शीटमुळे. संपतभाऊ, तुमचं शिक्षण काय लिहू?”

“कुटं लिवताय?”

“इंग्लंडच्या अहवालात येणारे. तुमचं आणि शिवराजचं नाव.”

संपतने व्हॅन कडेला घेतली. घेतलीच, हझार्डचे दिवे लावून. “सातवी,” तो म्हणाला. “शिवराज धाव्वी नापास. पन नापास नका लिवू, नुसतं धाव्वी लिवा.” मग त्याला राहवेना, त्याने तिथूनच शिवराजला फोन लावला, स्पीकरवर. शिवराज पोर्टच्या गेटवर लाइनीत उभा होता, मागून ट्रेलरचे हॉर्न. संपतने ओरडून ओरडून सगळं सांगितलं.

“छापून येनार?” शिवराजने विचारलं.

“हो,” जोस्लीन म्हणाली. “नाव, गाव, काम. ट्रेलर ड्रायव्हर, हमद पोर्ट. असं लिहिलंय.”

“ताई, पोर्ट काढा.”

“का?”

“सुपरवायझर म्हनंल, ड्युटीवर वाचत बसतो.”

जोस्लीनने ‘हमद पोर्ट’ खोडलं, नुसतं ‘दोहा’ ठेवलं, आणि फॉर्म पाठवून दिला. मागून एक बस हॉर्न देत होती. संपतने हझार्ड बंद केले.